पक्कवाद्य

मराठी मैफलीच्या निमंत्रणपत्रिकेवर गायकाचे नाव ठळक अक्षरांत छापलेले असते आणि त्याच्या खाली, बऱ्याच बारीक टायपात, 'साथ' हा शब्द येतो. त्या शब्दापुढे तबलजी आणि पेटीवादक यांची नावे असतात. तंबोऱ्यावर कोण बसले आहे, याची नोंद तर पुष्कळदा नसतेच. या मांडणीत कुणाला काही वावगे वाटत नाही, कारण ती आपल्या संगीतविषयक जाणिवेचीच मांडणी आहे. गाणे गायकाचे, साथ इतरांची. कर्नाटक संगीतात हीच श्रेणीव्यवस्था अधिक काटेकोर आहे. तेथे व्हायोलिन आणि मृदंगम् ही 'पक्कवाद्ये' आणि घटम्, कंजिरा, मोरसिंग ही 'उपपक्कवाद्ये', म्हणजे साथीची साथ. 'पक्क' या कन्नड शब्दाचा अर्थ बाजू. जो मधोमध नाही, बाजूला आहे, तो पक्कवाद्याचा वादक.

इंग्रजी भाषक जाझच्या जगातही नेमका हाच शब्द रूढ आहे, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ज्याच्या नावाने वाद्यवृंद ओळखला जातो तो नेता आणि बाकीचे सारे 'साइडमन', बाजूची माणसे. दोन खंडांतल्या, एकमेकींशी कसलाही संबंध नसलेल्या दोन संगीतपरंपरांनी आपल्या साथीदाराला ओळखण्यासाठी एकच रूपक निवडावे, हा योगायोग असेलही. पण १९७० आणि १९८० च्या दशकांत बंगळूरमध्ये जे घडले, ते या योगायोगाच्या उजेडात पाहिले तर त्याचा एक वेगळा अन्वय लागतो. तिथे पूर्व-पश्चिम मीलन वगैरे झाले, असे त्या काळातले लेख सांगतात. प्रत्यक्षात तिथे दोन ठिकाणची बाजूची माणसे एकमेकांना भेटली.

मराठी वाचकाला बंगळूर परके नाही. सतराव्या शतकात ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हे त्याने शाळेत वाचलेले असते. पण या कथेला आवश्यक असलेले बंगळूर त्यानंतरचे आहे. १८०९ पासून ब्रिटिशांनी येथे लष्करी छावणी उभारली आणि शहर दुभंगले. एका बाजूला जुनी पेठ, म्हणजे देवळे, कापडबाजार, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि मराठीही बोलणारी घरे. दुसऱ्या बाजूला कँटोन्मेंट, म्हणजे पलटणींचे बँड, चर्चमधील समूहगायन, नाचाची सभागृहे, अँग्लो-इंडियन वस्ती. मध्ये कब्बन पार्कची गर्द झाडी. पेठेकडच्या भागात, चामराजपेठेत, १९३९ साली श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव सुरू झाला आणि फोर्ट हायस्कूलच्या मैदानावरील मांडवात कर्नाटक संगीताचे बहुतेक सारे श्रेष्ठ कलावंत गाऊन गेले. छावणीच्या भागात त्याच सुमारास सॅक्सोफोन वाजत होते. दोन्हीकडचे श्रोते एकाच शहरात राहत होते, पण त्यांचे कान वेगवेगळ्या गावांचे होते.

स्वातंत्र्यानंतर गोरे अधिकारी गेले. वाद्ये आणि ती वाजवणारे मागे राहिले. पुढच्या पिढीने रेडिओवर आणि अडचणीने मिळवलेल्या तबकड्यांवर एक नवे संगीत ऐकले. अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांनी गुलामगिरीनंतरच्या हलाखीत घडवलेले 'ब्लूज' हे गीत ब्रिटिश तरुणांनी १९६० च्या दशकात उचलले, त्याला विजेच्या गिटारीचा धारदार आवाज दिला आणि ते रॉक म्हणून जगभर पाठवले. मूळ ब्लूजची घडण साधी आहे. एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीने तिचा शेवट करायचा. जात्यावर बसलेली बाई पुढची ओवी सुचेपर्यंत आधीची ओळ घोळवते, त्याच जातीची ही युक्ती आहे. या तीन ओळींना मिळून बारा मात्रागट लागतात आणि प्रत्येक गटात चार ठोके असतात. एकूण ठोके अठ्ठेचाळीस. कर्नाटक संगीतातील आदिताल आठ ठोक्यांचा आहे. त्याची सहा आवर्तने म्हणजेही अठ्ठेचाळीस. हा हिशेब एखाद्या शास्त्रज्ञाने मांडलेला सिद्धान्त नव्हे. हाताच्या बोटांवर करता येण्याजोगे ते गणित आहे. परंतु कब्बन पार्कच्या अल्याड आणि पल्याड वाजणाऱ्या दोन संगीतांत, एवढा तरी समान पाया होता.

त्या काळी भारतात रॉक वाजवणे हे कष्टाचे काम होते. परदेशी गिटार आणि ध्वनिवर्धक आयात करणे परवान्यांच्या राज्यात जवळजवळ अशक्य होते. स्थानिक कारागिरांकडून ध्वनिवर्धक जुळवून घ्यायचे, तुटलेल्या तारा सांधायच्या, ड्रमचा सारा संच आगगाडीच्या डब्यात चढवायचा आणि एखाद्या शहरातील हॉटेलचा काही महिन्यांचा करार संपला की दुसऱ्या शहरी जायचे. वर्षातून एखादी मोठी संधी मिळे. एका सिगारेट कंपनीने भरवलेली 'सिमला बीट' स्पर्धा अशा संधींपैकी एक. १९७० आणि १९७१ या दोन्ही वर्षी तीतल्या वाद्यवृंदांच्या तबकड्याही निघाल्या. एरवी जगणे म्हणजे फिरणे. संगीत नाटक मंडळ्यांचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला हे जीवन ओळखीचे वाटेल. पेटारे, पडदे, बिऱ्हाड, उधारी, गावोगावचे मुक्काम आणि रात्री दिव्यांच्या प्रकाशात क्षणभर विसरलेले सगळे.

दक्षिणेतील अशा फिरस्त्या वाद्यवृंदांत 'ह्यूमन बाँडेज' हा १९७० च्या दशकातील एक गाजलेला वृंद होता. मद्रासमध्ये जन्मलेले रमेश शोतम त्यात ड्रम वाजवत आणि त्यांचे बंधू सुरेश गिटार. हा वृंद बंगळूरच्या रॉक-जीवनाचा एक मध्यबिंदू ठरला. रॉकच्या मंचावर ड्रमवादक सर्वांत मागे बसतो. समोरच्या उजेडात गायक आणि गिटारवादक असतात. सगळ्यांना एकत्र धरून ठेवण्याची जबाबदारी मात्र त्याच्याकडेच असते. पाश्चात्त्य तबकड्यांवरचे ठोके हुबेहूब वाजवण्यात हयात घालवणे सोपे होते आणि अनेकांनी ते केलेही. शोतम यांनी वेगळी वाट धरली. आपल्या घराबाहेरच, देवळाच्या दारात आणि लग्नाच्या मांडवात, तविल नावाचे वाद्य नागस्वरम्‌च्या साथीला कडाडत असते आणि त्यातला लयीचा हिशेब आपल्याला येत नाही, ही गोष्ट त्यांना बोचली असावी. बंगळूरमधील 'कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन' या संस्थेत ते टी. ए. एस. मणी यांचे विद्यार्थी झाले. नाव झालेल्या ड्रमवादकाने पुन्हा 'त क दि मि' पासून आरंभ करायचा, यात अहंकाराची किती आहुती द्यावी लागते, हे ज्याने प्रौढपणी एखादी विद्या शिकायला घेतली आहे त्यालाच कळेल.

मृदंगवादक मणी यांनी ही संस्था १९६४ मध्ये स्थापन केली. तिचे नावच अर्थपूर्ण आहे. संगीतविद्यालये बहुधा गायनाची असतात, त्यात तालवाद्याचा एक वर्ग असतो. येथे तालवाद्यच विद्यालयाचे सर्वस्व होते. कर्नाटक मैफलीत मृदंगवादकाला स्वतंत्रपणे बोलण्याची एकच जागा मिळते. मुख्य रचना गाऊन झाली की गायक थांबतो आणि 'तनि आवर्तनम्' सुरू होते. घटम्, कंजिरा असतील तर तेही त्यात सामील होतात. आणि दक्षिणेतील रसिकांच्या तोंडची एक जुनी थट्टा अशी की, नेमके याच वेळी श्रोत्यांना कॉफीची आठवण होते. जन्मभर रियाज केलेल्या वादकाने वर तोंड करावे आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या होताना पाहाव्यात, या दृश्यातला अपमान शब्दांत कुणी फारसा लिहिलेला नाही. मणी यांनी त्याला कृतीने उत्तर दिले. 'ताल तरंगिणी' या त्यांच्या वादकवृंदात पक्कवाद्ये आणि उपपक्कवाद्ये हीच मैफल होती. कुणाच्या बाजूला बसण्याचा प्रश्नच तेथे उरला नव्हता.

त्यांच्या पत्नी, गायिका आर. ए. रमामणी, या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग होत्या. त्यांचा कंठ रागदारीत मुरलेला होता, पण लयीच्या अंगाने तो मृदंगवादकाच्या हाताइतका चपळ होता. तालाचे बोल तोंडाने म्हणण्याची जी कला दक्षिणेत 'कोन्नकोल' या नावाने ओळखली जाते, ती या घरात जणू रोजच्या बोलण्याची भाषा होती. 'त कि ट' म्हणजे तीन, 'त क दि मि' म्हणजे चार, 'त क त कि ट' म्हणजे पाच. या अक्षरांना अर्थ नाही आणि म्हणूनच ती कुठल्याही भाषिकाला शिकता येतात. बोस्टनच्या माणसाला कन्नड येण्याची गरज नाही, कोलोनच्या माणसाला संस्कृत येण्याची गरज नाही. सात म्हणजे चार अधिक तीन, एवढे मान्य असले की पुरते. परदेशी वादकांना या घराचे दार उघडे वाटले, त्याचे एक कारण ही निरर्थक अक्षरे होती.

त्या दारातून आलेल्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे चार्ली मारियानो. ते १९२३ साली बोस्टनमध्ये एका इटालियन कुटुंबात जन्मले. सॅक्सोफोनवादक म्हणून स्टॅन केंटनच्या वृंदात त्यांनी नाव मिळवले; १९६३ साली चार्ल्स मिंगस यांच्या 'द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी' या ध्वनिमुद्रिकेत त्यांच्या अल्टो सॅक्सोफोनचा आक्रोश ज्याने ऐकला आहे तो त्यांना विसरू शकत नाही. ती मुद्रिका मिंगस यांच्या नावावर आहे आणि ते योग्यच आहे. मारियानो त्यात साइडमन होते. इतरांच्या नावाच्या तबकड्यांत आपला प्राण ओतणे, ही त्यांच्या कारकिर्दीच्या मोठ्या भागाची रीत होती. १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर रेडिओच्या वाद्यवृंदाला शिकवण्यासाठी ते मलेशियात गेले असता तेथील तमिळ वस्तीमुळे नागस्वरम् त्यांच्या कानांवर पडले. पुढे ते वाद्य शिकण्यासाठी ते भारतातही येऊन राहिले. नागस्वरम् हे मंगलवाद्य असूनही त्याच्या वादकांना प्रतिष्ठित मैफलीच्या सभागृहात मानाने बसवायला बराच काळ जावा लागला. चाळिशी ओलांडलेल्या, शिक्षक म्हणून मान्यता पावलेल्या अमेरिकन वादकाने हेच वाद्य निवडले आणि त्याच्या कठीण, हट्टी पत्तीशी झगडत नवशिक्या होणे पत्करले. इकडे एका भारतीय ड्रमवादकाने तविल जवळ केले होते. नागस्वरम् आणि तविल ही जोडी दक्षिणेत हजारो वर्षांची नसली तरी अभंग मानली जाते. तिची एकेक बाजू दोन अनोळखी माणसांनी, दोन खंडांत, स्वतंत्रपणे उचलावी, यातले औचित्य विलक्षण आहे.

या माणसांना एकत्र आणणारा रस्ता खराखुरा रस्ता होता. म्युनिकमध्ये १९६९ साली क्रिश्चन बुर्खार्ड यांनी 'एम्ब्रियो' नावाचा वृंद सुरू केला. रॉक आणि जाझ यांच्या सीमेवर वावरणाऱ्या या वृंदात मारियानो १९७० च्या दशकात वाजवत असत. १९७८-७९ मध्ये एम्ब्रियोचे वादक बायकामुलांसह मोटारगाड्यांतून जर्मनीहून निघाले आणि अफगाणिस्तानमार्गे भारतात पोहोचले. जिथे मुक्काम पडेल तिथल्या वादकांबरोबर वाजवायचे, असा त्यांचा परिपाठ होता. 'वागाबुंडन काराव्हाने', म्हणजे भटक्यांचा तांडा, या नावाचा त्या प्रवासाचा चित्रपटही आहे. तो तांडा त्या वाटेवरील अखेरच्यांपैकी एक ठरला. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि युरोपातून भारतात जमिनीवरून येण्याची वाट बंद झाली. एक वाट बंद झाली तरी तिने जुळवलेली माणसे उरली. एम्ब्रियोतून बाहेर पडलेल्या काही वादकांनी 'डिसिडेन्टेन' हा वृंद काढला आणि १९८२ च्या त्यांच्या 'जर्मनिस्तान' या ध्वनिमुद्रिकेत कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनचे वादक सहभागी झाले. शोतम जर्मनीत स्थायिक झाले आणि तेथून पुढे कित्येक वृंदांत त्यांनी तविल, घटम्, कंजिरा आणि पाश्चात्त्य ड्रम शेजारी शेजारी मांडले.

१९८३ साली जर्मनीतील लुडविग्सबुर्ग येथे 'ज्योती' ही ध्वनिमुद्रिका तयार झाली. तिच्यात मारियानो सोप्रानो सॅक्सोफोन आणि बासरी वाजवतात, रमामणी गातात, मणी मृदंगम् वाजवतात, आर. ए. राजगोपाल यांच्याकडे घटम् आणि मोरसिंग आहे, टी. एन. शशिकुमार यांच्याकडे कंजिरा. वेष्टनावर मारियानो यांच्या नावाशेजारी एका विद्यालयाचे नाव आहे आणि त्यानंतर रमामणी यांचे. ध्वनिमुद्रिकेवर व्यक्तीबरोबर एखाद्या शिक्षणसंस्थेचे नाव झळकावे, हे नेहमीचे नव्हे. तिच्यातील 'वंदनम्', 'वर्षिणी', 'सप्तर्षी', 'कार्तिक' या रचनांची नावेच सांगतात की यजमान कोण आणि पाहुणा कोण.

संगीतातून तर ते अधिक स्पष्ट होते. पाश्चात्त्य वादकाची सवय स्वरसंवादांच्या पायऱ्यांवरून चालण्याची; येथे त्या पायऱ्या काढून घेतल्या आहेत. पियानो नाही, गिटार नाही, फक्त तंबोऱ्याचा षड्ज आहे. मारियानो यांना आयुष्यभराची एक कुबडी टाकून उभे राहावे लागते. ते रागाची नक्कल करीत नाहीत. एखादा स्वर धरून त्यावर रेंगाळतात, तो किंचित खाली घसरू देतात, आणि त्या घसरणीत ब्लूजची जुनी वेदना ओळखू येते. गमक आणि ब्लूजचा वाकवलेला स्वर एकच, असे म्हणणे अज्ञानाचे होईल. दोन्हींची कुळे वेगळी आहेत. पण स्वराच्या नेमक्या जागेपेक्षा त्या जागेकडे जाण्याच्या वाटेत अर्थ असतो, ही समज दोघांपाशी आहे. मणी आणि त्यांचे सहकारीही काही सोडतात. कर्नाटक तालवाद्यांची सतत भरगच्च बोलण्याची सवय ते आवरतात. सॅक्सोफोनचा एक दीर्घ स्वर चालू असताना मृदंगम् अनेक क्षण केवळ मोजत राहते. मोजणे म्हणजेही वाजवणेच, हे फक्त साथीदाराला ठाऊक असते.

मराठी परंपरेला हे अपरिचित नाही. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर असत. बालगंधर्वांच्या स्वराला त्यांनी दिलेला आधार हा त्या स्वराच्या कीर्तीचाच एक भाग आहे, असे जाणकार मानतात. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला 'संयुक्त मानापमान' हे तर प्रतिस्पर्धी फिरत्या मंडळ्यांच्या सहकार्याचे अमर उदाहरण. केशवराव भोसल्यांचा धैर्यधर आणि बालगंधर्वांची भामिनी एका रंगमंचावर आली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले. त्या रात्रीच्या आठवणी मराठीत विपुल आहेत, पण त्या दोन नायकांच्या. समोर बसलेल्या साथीदारांनी दोन भिन्न गायकींचा मेळ कसा सांभाळला असेल, याविषयी वाङ्मय मुके आहे. पुढे १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून रचलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला 'तीन पैशाचा तमाशा' रंगभूमीवर आला. मुंबईच्या रॉक-मंचावर वाढलेले नंदू भेंडे त्यात होते. मराठी नाट्यसंगीताच्या घरात विजेची गिटार शिरली आणि घर कोसळले नाही.

आणखी एक नाव येथे घेतलेच पाहिजे. बेळगावात १९२५ साली जन्मलेल्या शोभा गुर्टू ठुमरी-दादऱ्याच्या गायिका म्हणून मराठी रसिकांना वंद्य आहेत. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू तबला आणि पाश्चात्त्य ड्रम असे दोन्ही घेऊन युरोपात गेले, तेथे मारियानो यांच्याबरोबरही त्यांनी वाजवले. १९८८ साली त्यांच्या स्वतःच्या नावाने 'उस्फ्रेत' ही ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा तिच्यात आई गायली. एरवी तालवादक मुलाने आईची साथ करायची. येथे आईने मुलाची साथ केली. श्रेष्ठ गायिकेला त्यात कमीपणा वाटला नाही, हा तिच्या थोरवीचा भाग आहे.

तरीही या साऱ्याकडे भाबडेपणाने पाहून चालणार नाही. ही देवाणघेवाण समान पातळीवर झाली, असे म्हणणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. ध्वनिमुद्रणाची सोय जर्मनीत होती, कंपन्या तिकडच्या होत्या, मानधनाचे चलन तिकडचे होते, आणि एका पारपत्राला जी दारे उघडत ती दुसऱ्याला उघडत नसत. ज्या शहरात या संगीताचा पाया घातला गेला त्या शहरातील श्रोत्याला ते ऐकण्यासाठी परदेशी तबकडी मिळवावी लागे. घरचे शुद्धतावादी याला भेसळ म्हणत, बाहेरचे समीक्षक कधी गूढ पौर्वात्य आविष्कार म्हणत. दोन्ही मतांत मृदंगवादकाच्या हिशेबाकडे लक्ष देण्याची तसदी नव्हती. शिवाय सगळ्याच बाजूच्या माणसांना मधे येता आले असे नाही. बंगळूरमध्ये राहणाऱ्या घटम्‌वादक सुकन्या रामगोपाल यांनी १९९५ साली 'स्त्री ताल तरंग' हा स्त्री-वादकांचा वृंद उभारला, तो काही केवळ हौसेने नव्हे. उपपक्कवाद्य वाजवणारी, त्यात स्त्री. म्हणजे बाजूच्याही बाजूला. तिला बसायला जागा हवी असेल तर ती जागा तिलाच तयार करावी लागली.

या अपुरेपणासकट ती घटना मोलाची राहते, कारण तिने एका प्रश्नाला कृतीने हात घातला. ख्यातीच्या मधोमध उभे असलेले कलावंत एकत्र येतात तेव्हा बहुधा दोन स्वतंत्र मैफली शेजारी शेजारी होतात. प्रत्येकाजवळ राखायचे काही असते. बाजूच्या माणसाने आयुष्यभर एकच विद्या मिळवलेली असते, ती म्हणजे दुसऱ्याचे ऐकण्याची. गायक कुठे श्वास घेणार, नेता कुठे वळणार, चूक झाली तर ती सभेला कळण्याआधी कशी झाकायची, हे त्याला उपजत कळते. म्हणून त्याला भाषा, देश, राग, स्वरसंवाद यांतले अंतर ओलांडणे तुलनेने सोपे जाते. बंगळूरच्या त्या घरात बोस्टनच्या सॅक्सोफोनवादकाचे आणि कर्नाटक मृदंगवादकाचे जुळले, त्याचे रहस्य कोणत्याही अध्यात्मात शोधण्याची आवश्यकता नाही. दोघांचा पेशा एक होता.

पुढे बंगळूर मोठे झाले. ४ एप्रिल २००३ रोजी ब्लूजच्या पोटातूनच निघालेला 'रोलिंग स्टोन्स' हा वृंद पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेला. २००७ मध्ये 'आयर्न मेडन' आला. हजारो तरुणांनी ते सोहळे डोळ्यांत साठवले. १९७० च्या दशकात तारा सांधून वाजवणाऱ्यांना जे स्वप्नातही दिसले नसते ते दाराशी आले, याचा आनंद खोटा नव्हता. परंतु त्या पाहुण्यांना या शहरात कुणाजवळ बसून काही शिकायचे नव्हते. ते आले, वाजवले आणि गेले. आधीचे पाहुणे राहायला येत. मांडी घालून बसत, हातावर ताल धरीत, चुकत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत.

१६ जून २००९ रोजी मारियानो कोलोनमध्ये वारले. २०१८ मध्ये बुर्खार्ड गेले. ज्या वाटेने तो तांडा आला होता ती वाट पूर्वीसारखी पुन्हा वाहती झाली नाही. उरल्या आहेत त्या ध्वनिमुद्रिका आणि त्यांच्या वेष्टनांवरील नावांचा क्रम. मराठी कानाला 'पक्कवाद्य' हा शब्द प्रथम ऐकू येतो तेव्हा त्याचा अर्थ चुकीचा लागतो. आपल्याकडे पक्का म्हणजे मजबूत, न ढळणारा. कन्नड भाषक ती चूक लगेच दुरुस्त करील आणि सांगेल, नाही, पक्क म्हणजे बाजू. पण 'ज्योती'तला मृदंगम् ऐकताना, सॅक्सोफोनचा स्वर दूर भरकटत जाऊन पुन्हा नेमका समेवर येतो तेव्हा, ती चूक दुरुस्त न करावीशी वाटते.